तिसऱ्या खांबापाशी

“ऐकणारे बाहेर,” मधल्या ओट्यावरून सेवकाने पुकारले आणि बिझोस गुडघ्यांवरची धूळ झटकत उठला.

उठताना त्याने नेहमीप्रमाणे आजूबाजूला पाहिले, जणू हे दुसऱ्याच कुणाला उद्देशून होते. मग तो दाराकडे निघाला. त्याच्या पुढेमागे निघालेल्यांत वाळवंटातून येऊन गावात स्थायिक झालेले दोन उंटवाले होते, कुणाची नवी सून होती आणि पाच-सहा पोरे होती. त्यांतल्या एकाच्या आजोबांशी बिझोस लहानपणी अक्रोडांचा डाव खेळला होता.

बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला चर्चमध्ये वाचन ऐकता येई, प्रवचन ऐकता येई, प्रवचनात जांभईही देता येई. पण त्यापुढचे काही पाहता येत नसे. त्यापुढचे ते गुपित. म्हणून अशा लोकांना ऐकणारे म्हणत. साधारण माणूस दोन-तीन वर्षे ऐकतो आणि बाप्तिस्मा घेऊन आतला होतो. बिझोस एकतीस वर्षे ऐकत होता. गावात त्याच्याइतके कुणी ऐकले नव्हते.

बायकांच्या दारावर सोसन्ना उभी असे. ती चर्चची सेविका, विधवा, वयाने बिझोसहून पाच वर्षांनी मोठी आणि आवाजाने पन्नास. ऐकणाऱ्यांची जागा सगळ्यांत मागे, बायकांच्याही मागे असल्यामुळे त्यांना याच दाराने बाहेर काढत. सोसन्नाने शेवटच्या पोराच्या पाठीत हात घालून त्याला बाहेर लोटले, दार ओढले, आणि आतून अडसर पडल्याचा आवाज आला. बिझोस पडवीतल्या दगडी बाकावर बसला.

बाक त्यानेच घडवला होता. तसे पाहिले तर सगळेच त्याने घडवले होते. एकतीस वर्षांपूर्वी बारा गवंडी हाताशी घेऊन या गावाचे चर्च त्याने उभे केले: दोन्ही बाजूंच्या खांबांच्या ओळी, वरच्या कमानी, पूर्वेचा अर्धगोल गाभारा, गाभाऱ्यापुढची दगडी जाळी आणि मधोमध घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो ओटा, जिथे बसून याजक आणि सेवक वाचन करीत. ओट्याच्या टोकाला एक कोरीव आसन होते. त्यावर माणूस बसत नसे, शुभवर्तमानाचे पुस्तक ठेवत. पाठ टेकायची इतकी चांगली सोय गावात दुसऱ्या कुणाला नव्हती, आणि ज्याला होती त्याला पाठच नव्हती.

बिशप अंत्युखियाहून आले, त्यांनी वेदीला तेल लावले, आणि त्या दिवसापासून बिझोस अर्ध्या उपासनेनंतर बाहेर बसू लागला. आचाऱ्याने सगळा स्वयंपाक करावा आणि पंगतीला पाने मांडली की त्याच्याच तोंडावर दार लावावे, तशातला प्रकार. पण त्याची तक्रार नव्हती. तो फरशांचे आवाज ऐकत बसे. उत्तरेकडची पाचवी फरशी डुगडुगायची. ती वाजली की मारास याजक गाभाऱ्याकडे निघाला. मग तीन पायऱ्या. मग पडद्याच्या कड्या. मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये आतल्या सगळ्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटे, आणि बिझोस पडवीत बसून उगाच आपलाही थांबवी.

आतल्या त्या सगळ्यांत दोम्निना होती. त्याची बायको.

तो बाप्तिस्मा का घेत नाही याचे कारण गावाला पाठ होते. बाप्तिस्म्याने मागचे सगळे धुऊन निघते, पण ते एकदाच. त्यानंतरच्या पापाला प्रायश्चित्त महाग. म्हणून शहाणी माणसे तो मरणाच्या दारात घेत: पाटी कोरी, आणि तिच्यावर पुन्हा काही खरडायला वेळच नाही. कधीमधी एखादा फार शहाणा माणूस झोपेतच जाई आणि सगळे मुसळ केरात. बिझोसची अडचण त्याहून साधी होती. तो शिव्या देई. दगडाला, छिन्नीला, गाढवाला, उन्हाला, आणि दगड नीट फुटला तर आनंदाने पुन्हा दगडाला. त्याचे म्हणणे होते की शिवी दिल्याशिवाय दगडाची शीर सापडत नाही. तोंड धुऊन घेतले तर खाणार काय?

त्या रविवारी उपासना संपून दारे उघडली तेव्हा दोम्निना बाहेर आली नाही. ती गाभाऱ्याशेजारच्या खोलीत हुतात्म्यांच्या अस्थींच्या दगडी पेटीपाशी थांबली होती. पेटीच्या झाकणाला वर एक भोक होते, खाली एक. वरून तेल ओतायचे, ते अस्थींवरून वाहून खालून वाटीत यायचे, आणि ते दुखऱ्या जागी लावायचे. दोन्ही भोके बिझोसने पाडली होती. त्याची हुतात्म्यांवर श्रद्धा होती, भोकांबद्दल मात्र त्याला जरा जास्त माहिती होती.

“बिझोस, इकडे ये जरा,” सोसन्ना दारातून म्हणाली.

“काय चुकलं माझं, ताई?”

“यादी नको देऊस. तेवढा वेळ नाही मला.”

तिने त्याला पडवीच्या टोकाला नेले. मग नेहमीचा आवाज खाली ठेवून ती बोलली. दोम्निना गेले कित्येक शनिवार ते तेल डोळ्यांना लावायला येते, हे तिने सांगितले. काल आपण तिला वेदीच्या कापडाची किनार शिवायला दिली, तेव्हा तिने आपल्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला. फार सफाईने ओवला. सुई मात्र केव्हाच खाली पडली होती.

“साय धरलीय दोन्ही डोळ्यांवर,” सोसन्ना म्हणाली. “ऑलिव्हचं पीक उतरेपर्यंत जे दिसेल ते दिसेल. मग नाही.”

“मला बोलली नाही.”

“तुला कशाला बोलेल? मला काय बोलली ते सांगते. म्हणाली, ताई, माझं सगळं बघून झालंय. फक्त त्याला एकदा आत उभा असलेला बघायचा राहिलाय.”

बिझोसने दाराच्या उंबऱ्याकडे पाहिले. उंबरा पश्चिमेकडे केसभर उतरता होता. एरवी त्याने त्याला दोन शब्द सुनावले असते.

घरी जाताना तो तिच्या अर्धे पाऊल पुढे चालला. वाटेत खड्डा आला की तो काही न बोलता वळसा घेई, आणि तीही काही न बोलता त्याच्या मागून वळसा घेई. हे असे किती दिवस चालू आहे हे त्याला आठवेना. आमटीत दोनदा पडणारे मीठ त्याला आठवले. खुंटीवरच्या अंगरख्याला तिने एकदा “जेवून घे” म्हटले होते, तेव्हा तो पोट धरून हसला होता, तेही आठवले. आणि हेही पहिल्यांदाच ध्यानात आले की एकतीस वर्षे, दर रविवारी, त्याने मागून तिची पाठ पाहिली होती. तिला मात्र तो कधीच दिसला नव्हता. तिथे मान वळवायची नसते. पूर्वेकडे पाहायचे असते.

दुसऱ्या दिवशी तो मारास याजकाकडे गेला. मारास अंगणात मधाची पोळी पिळत होता. या पुनरुत्थानाच्या सणाला बाप्तिस्मा घेणाऱ्यांत माझे नाव घाला, असे बिझोसने सांगितले. मारासने वर न पाहता विचारले,

“कोण मरतंय?”

“कुणी नाही.”

“मग घाई कसली?”

बिझोस म्हणाला की घाई काही नाही, वय झाले. मारासने हात पुसले आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. बाप्तिस्मा कधी घेतोस, असे त्याने एकतीस वर्षांत बिझोसला एकतीस वेळा विचारले होते आणि एकतीस वेळा वेगवेगळी उत्तरे ऐकली होती. आता मासा आपण होऊन टोपलीत येऊन बसला तेव्हा कोळ्याला टोपलीचाच संशय यावा, तसे त्याचे झाले. शेवटी त्याने नाव लिहिले आणि एकच अट घातली. चाळीस दिवसांच्या उपासात तोंडातून एक अपशब्द गेला तर पुढच्या वर्षी ये.

“पुढच्या वर्षी नाही चालणार,” बिझोस म्हणाला.

“तर मग सांभाळ.”

दोम्निनाला त्याने संध्याकाळी सांगितले. ती कणीक मळत होती.

“नाव दिलंस?”

“दिलं.”

“कुणी काही बोललं का तुला?”

“मला कोण काय बोलणार? वय झालं.”

“साठ वर्षं नव्हतं झालं, ते आज झालं होय?” ती म्हणाली, आणि केव्हाच मळून झालेली कणीक पुन्हा मळत राहिली. जरा वेळाने म्हणाली, “पांढरा झगा मी शिवणार. बाजारचा नाही आणायचा.”

डोळ्यांचे नाव त्याने काढले नाही, तिनेही काढले नाही. दोघांच्या मध्ये ती गोष्ट झोपलेल्या मांजरासारखी पडून राहिली आणि दोघे तिला जागे न करता वावरत राहिले.

ते चाळीस दिवस गावाने आयुष्यभर लक्षात ठेवले. तेव्हा बिझोस गावाबाहेर एका ऑलिव्हच्या बागेचे कुंपण बांधत होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगठ्यावर हातोडी बसली. आसपासची माणसे कान टवकारून उभी राहिली. बिझोस लाल झाला, जांभळा झाला, आणि मग बाप्तिस्म्याआधीच्या रोजच्या शिकवणीत नुकतेच ऐकलेले एक नाव त्याच्या मदतीला धावून आले.

“नबुखद्नेस्सर!” तो ओरडला.

त्यात अपशब्द नव्हता. पवित्र ग्रंथात आहे, बाबेलचा राजा होता, मारासही काही बोलू शकत नव्हता. शिवाय नाव लांबलचक आणि मध्ये दात-ओठ खायला भरपूर जागा. दुसऱ्या आठवड्यात गाढवाला वाटू लागले की आपलेच नाव ते आहे. पाचव्या आठवड्यात तेलघाणीवाला मल्खोस वाटेवर थांबून म्हणाला की बिझोस, आता तू नुसता नमस्कार केलास तरी शिवी दिल्यासारखी वाटते. मल्खोस चांगला गरगरीत माणूस होता, गप्पिष्ट आणि झोपाळू. त्याचे नि दोम्निनाचे अकरा वर्षांपूर्वी तेलाच्या मापावरून भांडण झाले होते, आणि तेव्हापासून ती त्याच्या दिशेने पाहतही नसे.

झगा दोम्निनाने रात्रंदिवस बोटांनी चाचपत शिवला. तो बिझोसच्या गुडघ्याखाली वीतभर आला आणि तिथेच थांबला. बिझोस उंच, हडकुळा, उपासाने आणखी वाळलेला. खालून त्याच्या नडग्या उघड्या पडल्या.

“बरोबर झाला का?” तिने विचारले.

“अगदी,” तो म्हणाला.

सणाच्या पहाटे अजून तांबडे फुटायचे होते तेव्हा या वर्षीचे बाप्तिस्मा घेणारे सहाजण बाप्तिस्म्याच्या खोलीत उभे राहिले. आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचे, मग वळून पूर्वेकडे तोंड करून ख्रिस्ताला हो म्हणायचे. बिझोसने सैतानाला इतक्या जोरात नाकारले की शेजारचा उंटवाला दचकला. मग तो हौदात उतरला. हौदही त्यानेच कोरला होता, तिशीतल्या उमेदीने, पण डोळ्यांसमोर बहुधा लहान पोरे ठेवून. तीन वेळा पाण्याखाली जाताना तीनदा त्याचा गुडघा काठावर आपटला. मारासचा हात त्याच्या डोक्यावर होता आणि डोळे त्याच्या ओठांवर. बिझोसच्या ओठांतून फक्त पाणी आले.

मग दिवे घेऊन ते रांगेने चर्चमध्ये शिरले. या वेळी पूर्वेकडच्या दाराने, पुरुषांच्या दाराने.

बिझोसच्या मनात एवढेच होते की दोम्निनाला दिसेल अशा जागी उभे राहायचे. तिची जागा त्याला ठाऊक होती: बायकांच्या दारातून आत येताच, दक्षिणेच्या ओळीत, बाजूच्या भिंतीला टेकून. पण नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांची जागाही ठरलेली असते, आणि ती कुणी बिझोसला विचारून ठरवली नव्हती. सेवकाने त्यांना ओट्याला वळसा घालून उत्तरेकडे नेले आणि गाभाऱ्याच्या जाळीला अगदी लागून ओळीत उभे केले. मानाची जागा. तिथून वेदी हाताच्या अंतरावर.

पाचवी फरशी वाजली. तीन पायऱ्या. पडद्याच्या कड्या सरकल्या आणि या वेळी त्यामागून ते ‘काहीच नाही’ आले नाही.

वेदी त्याच्या ओळखीची होती. तिच्या चार पायांतला एक किंचित आखूड आहे आणि त्याखाली शिशाची चकती सारलेली आहे, हे मारासलाही माहीत नव्हते. आता तिच्यावर भाकर होती, पेला होता, आणि मारासचे हात होते. तेच हात, ज्यांनी परवा त्याच्याकडून मधमाश्यांच्या खोक्यांखाली ठेवायला दोन दगड नेले होते. एकतीस वर्षे पडवीत बसून बिझोसने आत काय असेल याचे किती अंदाज बांधले होते. त्यांत सोने होते, धूर होता, एकदा तर सिंहही होता. आणि होते ते हे. घरच्या ताटाएवढे. त्याने हात पुढे करून जाळी धरली.

आणि नेमके तेव्हाच, जे पाहायला लोक जन्मभर थांबतात ते समोर चाललेले असताना, त्याच्यातला गवंडी मनातल्या मनात सुतळी ताणू लागला. तिच्या जागेपासून इथपर्यंत. मध्ये दक्षिणेचे दोन खांब. मग ओटा. ओट्यावरचे आसन, आसनावर पुस्तक. मग उत्तरेचा दिवा. सुतळी कशीही ताणली तरी कुठेतरी अडकत होती. त्याने एक पाऊल उजवीकडे टाकले. सेवकाने त्याला कोपराने जागेवर आणले. त्याने पाऊल मागे टाकले. सेवकाने डोळे वटारले. बिझोस मनातल्या मनात त्या बाबेलच्या राजाचे नाव घेऊन गप्प उभा राहिला.

भाकर घ्यायला आधी नवे गेले, मग पुरुष, मग बायका. सोसन्नाच्या हाताला धरून दोम्निना पुढे आली. आता तरी तिला आपण दिसू, म्हणून बिझोसने मान उंचावली. पण ती दक्षिणेच्या बाजूने येत होती, ओट्यापलीकडून, आणि तिने एकदाही इकडे पाहिले नाही. अर्ध्या वाटेवर मात्र तिने मान उजवीकडे वळवली आणि दक्षिणेच्या ओळीकडे पाहून हसली. ओळखीचे, जरा लाजरे हसू. साठीला आलेल्या बाईचे ते हसू इतके कोवळे होते की ते कुणासाठी आहे हे पाहायला बिझोसनेही तिकडे मान वळवली. मध्ये ओटा होता. काही दिसले नाही.

बाहेर आल्यावर लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, त्याच्या नडग्यांवर विनोद केले. मल्खोसही आला. सणाचा म्हणून त्याने पांढराशुभ्र अंगरखा घातला होता.

“बिझोस, एक चमत्कार सांगू? तुझी बायको आज माझ्याकडे बघून हसली.”

“तुझ्याकडे?”

“अकरा वर्षांनी. सणाचा गुण, दुसरं काय. मी पण हसलो बाबा. म्हटलं, माप तर माप, गेलं ते.”

घरी जाताना बिझोस वाटभर वाक्य जुळवत होता. सेवकानेच तिकडे उभे केले, माझा काय इलाज. पुढच्या रविवारी बघशील. आठ दिवस हा झगा अंगावर ठेवायचाच असतो. तो तिच्या अर्धे पाऊल पुढे चालत होता आणि वाक्य काही केल्या जमत नव्हते.

दोम्निनाने ताट मांडले. चाळीस दिवसांनी घरात कोकराचे मांस शिजले होते, बकरीचे चीज होते, अंडी होती. ती त्याच्या समोर बसली.

“बघितलं मी तुला,” ती म्हणाली.

बिझोसचा हात भाकरीवर थांबला.

“कुठून?”

“कुठून म्हणजे? माझ्या जागेवरून. तिसऱ्या खांबापाशी होतास ना, दक्षिणेच्या ओळीत. अगदी सरळ समोर माझ्या. पुढे जाताना हसले पण मी. तू बघितलंस की नाही?”

तिसऱ्या खांबापाशी वीस वर्षे मल्खोस उभा राहत आला होता. तो खांब इतर खांबांपेक्षा चार बोटे जाड होता. मापाची चूक, बिझोसचीच, आणि दगड महाग म्हणून तशीच राहून गेलेली. त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाला वेदी दिसत नसे, याजक दिसत नसे, पडदासुद्धा दिसत नसे. एवढेच की मागच्या दारापासून त्याच्यापर्यंत मध्ये काही येत नव्हते.

“बघितलं,” बिझोस म्हणाला.

“झगा काय छान दिसत होता रे. आखूड नाही झाला.”

“नाही झाला.”

“पण पोट किती सुटलंय तुझं. घरात नाही कळत. लांबून बघितलं की माणूस कळतो.”

बिझोसने खाली आपल्या पोटाकडे पाहिले. तिथे पोट नव्हते. होते तेही उपासात गेले होते.

“वय झालं,” तो म्हणाला.

ती हसली. मग पाण्याच्या सुरईसाठी तिने हात पुढे केला. हात सुरईच्या वीतभर डावीकडे जाऊन हवेत जरासा थबकला. बिझोसने सुरई अलगद सरकवून त्या हाताखाली ठेवली.

“बरं वाटलं,” दोम्निना म्हणाली. “आता बरं वाटलं मला.”

पुढच्या रविवारी बिझोस सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचला. झग्याच्या आठवड्याचा तो शेवटचा दिवस. उपासनेनंतर पांढरे झगे उतरवायचे आणि मग रोजच्या कपड्यांत इतरांसारखे इतर व्हायचे. सेवकाने त्याला उत्तरेकडे जाळीपाशी बोलावले. बिझोसने गुडघा दुखतो, टेकायला आधार हवा, असे सांगितले. गुडघा खरेच दुखत होता, त्यामुळे ते पापात धरायचे कारण नव्हते. तो दक्षिणेच्या ओळीत तिसऱ्या खांबामागे जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने मल्खोस आला आणि आपल्या जागेवर दुसराच माणूस पाहून चक्रावला.

“अरे, ही माझी जागा आहे.”

“आजपासून माझी.”

“वेडा आहेस का?” मल्खोस कुजबुजला. “इथून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून तर मी इथे उभा राहतो. डुलकी लागली तरी मारासला पत्ता लागत नाही. तू जन्मभर बाहेर बसलास, आता कुठे आत आलास, तर पुढे जा. बघून घे.”

“बघितलं मी. एकदा बघितलं.”

“एकदा बघून भागतं का?”

बिझोसने झग्याच्या बाह्या सारख्या केल्या. तो पूर्वेकडे तोंड करून उभा होता आणि त्याच्या नाकापुढे वीतभर अंतरावर जाड दगड होता. मल्खोसने आणखी काही बोलायला तोंड उघडले आणि सहज मागे वळून पाहिले. बायकांच्या दारातून सोसन्ना दोम्निनाला हाताला धरून आत आणत होती. तिने दोम्निनाला भिंतीपाशी उभे केले. दोम्निनाने चेहरा वर उचलला, सरळ समोर, या खांबाच्या दिशेने. मल्खोसला जे हसू गेल्या रविवारी सणाचा गुण वाटले होते, ते पुन्हा एकदा तिच्या चेहऱ्यावर उमटले. आज मल्खोस तपकिरी अंगरख्यात होता आणि दोन पावले बाजूला उभा होता. ते हसू त्याच्यापर्यंत आले नाही.

मल्खोसने बिझोसच्या झग्याकडे पाहिले, मग नडग्यांकडे, मग स्वतःच्या पोटाकडे. तो गावातला सर्वांत बोलका माणूस होता. काही न बोलता तो पुढच्या खांबापाशी सरकला.

वाचन झाले, प्रवचन झाले. ओट्यावरून सेवकाने पुकारले आणि पोरे पाय वाजवत बाहेर गेली. दार बंद झाले. कुठेतरी फरशी वाजली, कड्या सरकल्या, आणि सगळे चर्च एकदम शांत झाले. बिझोससमोर दगड होता. दगडावर त्याच्याच छिन्नीचे जुने घाव होते, आणि इतक्या जवळून तेवढेच दिसत होते.

त्याने खांदे सरळ केले. मग खोल श्वास घेतला आणि होते नव्हते तेवढे पोट हळूहळू पुढे काढून उभा राहिला.